दोन घटका मौज: मुरूडच्या मास्तरांचा गुरुवार

आजचा एपिसोड एका बगपासून सुरू होतो. बग माझाच आहे, म्हणजे मी लिहिलेल्या कोडमधला. त्यामुळे आधी मोकळेपणानं कबूल करून टाकतो.

दिवाळीला भोरला घरी आलो होतो. दुपारी सगळे झोपलेले आणि नेट रडतखडत चालू. अशा वेळी मी जुन्या पुस्तकांची स्कॅन केलेली पानं चाळत बसतो. त्या दिवशी हाताला लागला मध्य प्रदेशातल्या एरणचा एक शिलालेख, गुप्त राजा बुधगुप्ताच्या काळातला. दगडावर तारीख कोरलेली आहे: वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, वार गुरुवार. आणि १८८८ साली छापलेल्या एका जाडजूड इंग्रजी ग्रंथात या तारखेचं उत्तर दिलंय: २१ जून ४८४. हे गणित करणारा माणूस कोण, तर शंकर बाळकृष्ण दीक्षित. व्यवसाय, शाळामास्तर.

मी म्हटलं, बघू तरी. लॅपटॉप उघडला, पायथनच्या तीन ओळी लिहिल्या. २१ जून ४८४ ला कोणता वार? उत्तर आलं, बुधवार.

खरं सांगतो, मला आधी आनंद झाला. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या माणसाची चूक आपण तीन ओळींत पकडली! पाच मिनिटं मी त्याच तोऱ्यात होतो. मग चहा घेताना डोक्यात आलं की पायथन आजचं ग्रेगोरियन कॅलेंडर मागे ताणत नेतं. ते कॅलेंडर तर १५८२ मध्ये सुरू झालं. त्याआधीच्या तारखा इतिहासकार ज्युलियन कॅलेंडरमध्ये देतात, आणि पाचव्या शतकात या दोघांत बरोबर एका दिवसाचा फरक पडतो. कोड दुरुस्त केला, पुन्हा चालवला. गुरुवार.

म्हणजे मास्तर बरोबर होते आणि बी.टेक. चुकलं. त्यांच्याकडे कॉम्प्युटर नव्हता, कॅल्क्युलेटर नव्हता, कॉलेजची पदवीसुद्धा नव्हती. होती ती मराठीत छापलेली कोष्टकं, कागद आणि शाई. तेव्हापासून या माणसानं माझं डोकं खाल्लंय, म्हणून आज त्यांची गोष्ट.

शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा जन्म जुलै १८५३ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोलीजवळच्या मुरूडचा. हे तेच मुरूड, जिथं धोंडो केशव कर्वे लहानाचे मोठे झाले. कर्वे दीक्षितांपेक्षा पाच वर्षांनी लहान. परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्याला पायी गेलेले कर्वे आपल्याला शाळेच्या पुस्तकातून ठाऊक असतात. त्याच गावातले दीक्षित मात्र शाळेच्या पुस्तकात मला कधी भेटले नाहीत, आणि गंमत म्हणजे ते स्वतः आयुष्यभर शाळेतच होते.

गावातली मराठी शाळा, मग पुण्याचं ट्रेनिंग कॉलेज, मॅट्रिकची परीक्षा, आणि लगेच नोकरी. ट्रेनिंग कॉलेज या नावावर जाऊ नका, ते शिक्षक तयार करायची जागा होती. खगोलशास्त्र शिकवायची नव्हे. नोकरीत बदल्या होत राहिल्या. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे, आणि शेवटी पुन्हा पुणे, त्याच ट्रेनिंग कॉलेजात शिकवायला. नकाशावर ही गावं जोडून बघा. पुणे सोडलं तर यातल्या एकाही ठिकाणी वेधशाळा नव्हती. दिवसभर मुलांना शिकवायचं, आणि उरलेल्या वेळात सूर्यसिद्धान्त वाचायचा, असा तो दिनक्रम असणार.

इथं एक गोष्ट आधीच बोलून टाकतो. 'स्वतः शिकला' असं आपण पटकन म्हणतो, पण स्वतः शिकायलाही आधी काहीतरी हातात लागतं. दीक्षितांच्या घरी संस्कृत परकं नव्हतं, पोथी उघडून बसायला त्यांना कुणाची परवानगी लागली नाही. १८७० च्या सुमारास याच सह्याद्रीच्या दोन्ही बाजूंना कितीतरी हुशार मुलगे आणि जवळजवळ सगळ्या मुली अशा होत्या, ज्यांना पहिली पाटीसुद्धा मिळाली नाही. त्यानं दीक्षितांचे कष्ट कमी होत नाहीत. पण चित्र पूर्ण दिसलेलं बरं.

ठाण्यात असताना त्यांना जनार्दन बाळाजी मोडक भेटले. मोडक म्हणजे जुन्या ज्योतिष ग्रंथांचं वेड असलेला माणूस. त्या काळी 'ज्योतिष' म्हटलं की त्यात आकाशाचं गणितही यायचं, फक्त पत्रिका नव्हे. इथून दीक्षितांच्या छंदाला नाद म्हणण्याइतकी धार आली. आपल्या भाषेत सांगायचं तर योग्य वेळी योग्य सीनियर भेटला. कोर्स एकाही ठिकाणी नव्हता, सर्टिफिकेट मिळणार नव्हतं, प्रमोशनशी संबंध नव्हता.

आता तो गुरुवार. त्याची मजा नीट कळायला थोडं मागे जावं लागेल.

गुप्तांचे शिलालेख आणि ताम्रपट भरपूर सापडले होते. त्यांच्यावर वर्षंही होती: ८२, ९३, १५६, १६५. अडचण एवढीच, की ही वर्षं कधीपासून मोजायची? घड्याळात मिनिटकाटा आहे पण तासकाटा गायब, तसा प्रकार. कुणी म्हणे शून्य धरा इसवी सन ७८ च्या आसपास. अलेक्झांडर कनिंगहॅम म्हणत होते १६६. आणखी एकानं १९० सांगितलं. अकराव्या शतकात अल् बेरूनीनं लिहून ठेवलं होतं की गुप्तांचं वर्ष शकानंतर २४१ वर्षांनी सुरू होतं. शक ७८ पासून, म्हणजे हिशेब ३१९ वर जातो. नुसतं ७८ धरायचं की ३१९, यात अडीचशे वर्षांचा फरक. समुद्रगुप्त, चंद्रगुप्त, कुमारगुप्त, सगळे त्या अडीचशे वर्षांत इकडून तिकडे सरकत होते.

हा गुंता सोडवायला बसले जॉन फेथफुल फ्लीट. इंग्रज सरकारी अधिकारी आणि शिलालेखांचे पक्के अभ्यासक. त्यांना मंदसोरचा एक शिलालेख मिळाला, ज्यात कुमारगुप्ताच्या काळाबरोबर मालव संवताचं वर्षही होतं. त्यानं मोठी दिशा मिळाली. पण दिशा मिळणं वेगळं आणि प्रत्येक तारीख गणितानं बसवून दाखवणं वेगळं. ते करायला भारतीय पंचांग आतून माहीत असलेला माणूस हवा होता. तो फ्लीटना दीक्षितांच्या रूपात मिळाला.

आतून माहीत असणं म्हणजे काय? तिथी म्हणजे दिवस नव्हे, इथूनच सुरुवात आहे. चंद्र सूर्याच्या १२ अंश पुढे गेला की एक तिथी संपते. चंद्राचा वेग कमीजास्त होतो, म्हणून एखादी तिथी १९-२० तासांत उरकते, एखादी २६ तासांपर्यंत लांबते. सूर्योदयाला जी तिथी चालू, ती त्या दिवसाची. त्यामुळे कधी तिथीचा क्षय होतो, कधी एकच तिथी दोन दिवस येते. वर अधिक महिना आहेच. शिवाय वर्ष चैत्रात बदलायचं की कार्तिकात, महिना अमावास्येला संपवायचा की पौर्णिमेला, हे प्रांतोप्रांती वेगळं. टाइमझोनच्या बगवर ज्यानं एक रात्र घालवली असेल, त्यानं या सगळ्याला एकदा मनातल्या मनात नमस्कार करावा.

यावर 'आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार' हे दिलं की शंभर-दोनशे वर्षांतल्या प्रत्येक संभाव्य सालासाठी बघायचं: द्वादशीला गुरुवार येतो का? नाही आला तर साल बाद. अर्थात वार सात, म्हणजे सातातून एकदा योगायोगानंही जुळणार. म्हणून एका तारखेवर काहीच सिद्ध होत नाही. ढीगभर तारखा घ्यायच्या आणि सगळ्या एकाच सुरुवातीला जुळतात का ते बघायचं. फ्लीटच्या मांडणीत सोमनाथ-वेरावळचा एक शिलालेख आहे. होर्मुझच्या एका मुसलमान व्यापाऱ्यानं बांधलेल्या मशिदीच्या दानाचा. त्यावर एकाच दिवसाची चार वर्षं लिहिली आहेत: हिजरी ६६२, विक्रम १३२०, वलभी ९४५ आणि सिंह संवत १५१. वार रविवार. वलभी आणि गुप्त वर्षांचा आरंभ एकच. ९४५ मध्ये ३१९ मिळवा, १२६४ येतं. २५ मे १२६४, रविवार. हाही वार मी कोडनं तपासला, या वेळी ज्युलियनमध्येच. जुळला.

पण मला सगळ्यात भारी वाटलेला भाग गुरूचा आहे. म्हणजे गुरू ग्रहाचा.

मध्य प्रदेशात खोह नावाच्या गावी परिव्राजक राजांचे ताम्रपट मिळाले. त्यांत गुप्त वर्षाबरोबर आणखी एक नाव येतं: 'महावैशाख संवत्सर', 'महाआश्वयुज संवत्सर'. ही गुरूच्या बारा वर्षांच्या चक्रातली नावं आहेत. गुरूला सूर्याभोवती फिरायला बारा वर्षांहून थोडा कमी वेळ लागतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. प्रश्न असा, की एखाद्या वर्षाला हे नाव द्यायचं कशावरून? सरासरी गतीनं गुरू कोणत्या राशीत येतो ते काढून, की आणखी कशावरून?

दीक्षितांनी जुने संस्कृत ग्रंथ काढले आणि वेगळीच रीत दाखवून दिली. गुरू दर वर्षी काही आठवडे सूर्याच्या तेजात बुडतो, दिसत नाही. मग एके पहाटे पूर्वेला, उजाडायच्या आधी, पुन्हा उगवताना दिसतो. त्या पहाटे तो ज्या नक्षत्रात असेल, त्यावरून वर्षाचं नाव. म्हणजे हे नाव टेबलावर बसून नव्हे, आकाशाकडे बघून दिलेलं आहे. या रीतीनं गणित केलं आणि ताम्रपटावरच्या वर्षांची नावं ३१९ च्या सुरुवातीशी बसली. गुरूच्या चक्रावरचा त्यांचा हा लेख फ्लीटच्या त्या १८८८ च्या ग्रंथात परिशिष्ट म्हणून त्यांच्या नावानिशी छापलेला आहे.

आणि हे गणित त्यांनी कशावर केलं? केरो लक्ष्मण छत्रे यांच्या 'ग्रहसाधनाची कोष्टकें' या १८६० च्या मराठी पुस्तकावर. छत्रे म्हणजे पुण्याचे गणिताचे प्राध्यापक, टिळक-आगरकरांच्या पिढीचे 'केरूनाना'. त्यांनी युरोपातल्या आधुनिक मापांवरून मराठीत कोष्टकं तयार करून ठेवली होती. नीट बघा काय झालं ते. कलकत्त्याला छापलेल्या इंग्रजी सरकारी ग्रंथाच्या पोटात एक मराठी पुस्तक चालू आहे, आणि ते चालवणारा बार्शीकडचा मास्तर आहे. आमच्या धंद्यात याला डिपेंडन्सी म्हणतात. मोठ्या प्रॉडक्टच्या तळाशी कुणीतरी फावल्या वेळात लिहिलेली लायब्ररी असते. ती काढली की वरचं सगळं खाली येतं, आणि लिहिणाऱ्याचं नाव कुणाला ठाऊक नसतं.

सुदैवानं फ्लीटनी नाव दिलं. पुढे १८९६ मध्ये लंडनहून 'द इंडियन कॅलेंडर' नावाचं पुस्तक निघालं, भारतीय तारखांचं इसवी सनात रूपांतर करायची मोठी कोष्टकं. मुखपृष्ठावर दोन नावं: मद्रासचे सनदी अधिकारी रॉबर्ट स्यूएल आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित. इतिहासाच्या अभ्यासकांनी पुढे पिढ्यान् पिढ्या त्यातून तारखा काढल्या.

इथपर्यंतची गोष्ट हुशार माणूस साहेबांच्या नजरेत भरला, अशी आहे. तशा गोष्टी आपण बऱ्याच ऐकतो. दीक्षित मला जास्त आवडतात ते त्यांनी मराठीत जे केलं त्यासाठी.

पेशवाईत पुण्याला दरवर्षी विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जायची. इंग्रजांनी त्या पैशाचा काही भाग वळवला आणि त्यातून मराठी पुस्तकांना बक्षिसं देणारी दक्षिणा प्राइझ कमिटी आली. १८८४ मध्ये या कमिटीनं पंचांगांच्या इतिहासावर पुस्तक मागवलं. दीक्षितांनी लिहायला घेतलं. १८८८ पर्यंत मूळ ग्रंथ हातावेगळा झाला, कमिटीचं बक्षीसही मिळालं. छापून आला तो १८९६ मध्ये: 'भारतीय ज्योतिःशास्त्र'. वेदकाळापासून ते त्यांच्या स्वतःच्या काळातल्या पंचांगकर्त्यांपर्यंत, कुणी काय मोजलं, कसं मोजलं, कुठं चुकलं. आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त, भास्कराचार्य तर आहेतच. पण कोकणातल्या नांदगावचे गणेश दैवज्ञही आहेत, ज्यांनी १५२० च्या सुमारास 'ग्रहलाघव' लिहून ज्या-कोज्याची, म्हणजे साइन-कोसाइनची, किचकट आकडेमोडच काढून टाकली. ऑप्टिमायझेशन! महाराष्ट्रातली पंचांगं पुढे शेकडो वर्षं त्याच पुस्तकावर चालली. आणि तेवढ्याच काळात त्यातल्या बारीक चुका साठतही गेल्या.

विचार करा, त्या दशकात दीक्षितांना इंग्रजीत लिहिणं जमत होतं. 'इंडियन अँटिक्वरी'सारख्या मासिकात त्यांचे लेख येत होते. हाच ग्रंथ इंग्रजीत लिहिला असता तर लंडन, बर्लिन, व्हिएन्ना सगळीकडे लगेच वाचला गेला असता. त्यांनी तो मराठीत लिहिला. याची किंमत मोजावी लागली. पूर्ण इंग्रजी भाषांतराचा पहिला भाग भारत सरकारनं छापला १९६९ मध्ये, दुसरा १९८१ मध्ये. मूळ पुस्तकानंतर पंचाऐंशी वर्षांनी! माझ्यासारख्याला, ज्याचा जीव डॉक्युमेंटेशन इंग्रजीत असल्याशिवाय शांत होत नाही, हे वाचून पोटात खड्डा पडतो. त्यांना हे कळत नव्हतं असं मला वाटत नाही. मुरूड, रेवदंडा, बार्शीत बसून पंचांग बघणारी माणसं मराठीच वाचत होती, आणि पंचांग चुकत होतं ते त्यांचं.

यातूनच त्यांची एक हरलेली लढाईही आहे. भोरला आमच्या घरी ती दर जानेवारीत होते, म्हणून सांगतो.

संक्रांत. सूर्य मकर राशीत शिरतो, उत्तरायण लागतं, तिळगूळ घ्या. पण दिवस मोठा व्हायला लागतो २२ डिसेंबरपासून. मग संक्रांत १४ जानेवारीला कशी? मी शाळेत असताना आजोबांना हे विचारलं होतं. आजोबा म्हणाले, "पंचांगात आहे." मी म्हटलं, "पण पुस्तकात वेगळं आहे." "मग पुस्तक चुकीचं असेल," म्हणाले, आणि विषय संपला. तेव्हा मी हरलो होतो.

कारण असं आहे. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा सावकाश डोलतो, एका फेरीला साधारण २६,००० वर्षं. त्यामुळे ताऱ्यांच्या हिशेबानं ऋतू सरकतात, ७२ वर्षांत सुमारे एक अंश. ताऱ्यांना धरून केलेलं पंचांग ते निरयन, ऋतूंना धरून केलेलं ते सायन. दोघांतला फरक आता २४ अंशांचा झालाय, म्हणून २२ डिसेंबर आणि १४ जानेवारी. आणि तो वाढत जाणार. दीक्षित, मोडक आणि विसाजी रघुनाथ लेले सायनाच्या बाजूचे. सण ऋतूंसाठी आहेत, तर पंचांग ऋतूंना धरून हवं, असं त्यांचं म्हणणं. नुसतं बोलून थांबले नाहीत, सायन पंचांग छापून काढलं. लोकांनी ते घेतलं नाही. आजोबांच्या भिंतीवर जे लटकत होतं ते निरयनच, आणि आज तुमच्या मोबाइलवरच्या कॅलेंडर ॲपमध्ये आहे तेही निरयनच.

पुढे १९५२ मध्ये मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली कॅलेंडर सुधारणा समिती बसली. २२ मार्च १९५७ ला भारताचं राष्ट्रीय कॅलेंडर लागू झालं, १ चैत्र शके १८७९. त्याचं वर्ष वसंतसंपाताला धरून सुरू होतं, म्हणजे हिशेब सायन. सरकारी राजपत्रावर ही तारीख छापलेली असते. लोकांचे सण मात्र होते तिथेच राहिले. मी या बाबतीत कोणत्या बाजूचा? गणितानं सायनाच्या. पण आईनं १४ जानेवारीला केलेल्या गूळपोळ्यांना मी आजवर नाही म्हटलेलं नाही.

आता कृत्तिकांबद्दल. हा भाग फॉरवर्डमधून अर्धवट पसरतो, म्हणून जरा सावकाश.

शतपथ ब्राह्मणात एक उल्लेख आहे: कृत्तिका पूर्वेपासून ढळत नाहीत, बाकीची नक्षत्रं ढळतात. शतकानुशतकं लोक हे पाठ म्हणत आले. दीक्षितांनी त्याच्याकडे मोजमाप म्हणून पाहिलं. तारा बरोबर पूर्वेला केव्हा उगवतो? तो खगोलीय विषुववृत्तावर असेल तेव्हा. कृत्तिका तिथं केव्हा होत्या? अक्षाच्या डोलण्यावरून मागे जाता येतं. उत्तर येतं इसवी सनापूर्वी ३००० च्या आसपास. १८९५ मध्ये त्यांनी हे 'इंडियन अँटिक्वरी'त मांडलं. तिकडे टिळकांचं 'ओरायन' दोनच वर्षं आधी आलेलं, तेही नक्षत्रांवरून वेदांचा काळ काढणारं. त्या काळात पुण्यात संध्याकाळी लोक कशावर वाद घालत असतील, कल्पना करा.

हे तुम्ही स्वतः करून बघू शकता. लॅपटॉपवर स्टेलॅरियम फुकट मिळतं. गेल्या हिवाळ्यात आम्ही तिघं मित्र वेल्ह्याच्या बाजूला (आता राजगड तालुका म्हणायचं) मुक्कामाला गेलो होतो. पुण्याचा उजेड डोंगरामागे राहतो, डोकं वर केलं की कृत्तिकांचा घोस लगेच सापडतो. स्टेलॅरियममध्ये आजच्या तारखेला कृत्तिका आपल्याकडे पूर्वेच्या जवळजवळ २५ अंश उत्तरेला उगवतात. मग साल टाकलं -२९९०. इथं दुसरा बग लपलाय: खगोलशास्त्रात शून्य वर्ष असतं, इतिहासात नसतं, म्हणून -२९९० म्हणजे इ.स.पू. २९९१. असो. एंटर दाबलं आणि कृत्तिका सरकत सरकत थेट 'पू' या खुणेवर. विषुववृत्तावरचा तारा वेल्ह्यातून बघा की कुरुक्षेत्रातून, पूर्वेलाच उगवतो, त्यामुळे जागा बदलूनही फरक पडला नाही. आमच्यातला एक जण, एरवी कशानं हलत नाही असा, म्हणाला, "परत कर." चार वेळा परत केलं.

पण यावरून शतपथ ब्राह्मण पाच हजार वर्षांपूर्वीचं ठरतं का? दीक्षितांनी काळ तसाच काढला. मला तेवढं पटत नाही. त्या ग्रंथाची भाषा आणि त्यातला समाज पाहून बहुतेक अभ्यासक त्याला इ.स.पू. पहिल्या सहस्रकात ठेवतात. इ.स.पू. ८०० ला कृत्तिका पूर्वेपासून साधारण १३ अंश उत्तरेला होत्या. म्हणजे एक तर जुन्या काळची आठवण पाठांतरातून टिकून राहिली, नाहीतर 'पूर्व' हा शब्द लिहिणाऱ्यानं ढोबळ वापरला. वाद अजून मिटलेला नाही. जे आकडे ते मांडतात ते पुन्हा मोजता येतात, चुकले तर कुठं चुकले हे दाखवता येतं. गर्वाचे मेसेज फॉरवर्ड करणाऱ्यांना नेमका हाच भाग नको असतो.

या सगळ्या जड कामाच्या मध्ये त्यांनी एक छोटं पुस्तक लिहिलं, 'ज्योतिर्विलास'. आकाशाची सोप्या मराठीत ओळख करून देणारं. नावापुढे जोडलंय: 'अथवा रात्रीची दोन घटका मौज'. एक घटका २४ मिनिटांची, दोन घटका म्हणजे ४८ मिनिटं. जेवणं झाल्यावर अंगणात बसून आकाश बघायला, कुणाला तरी दाखवायला ४८ मिनिटं. आपला एपिसोडही साधारण तेवढाच असतो, हा निव्वळ योगायोग, पण मला तो फार आवडलाय. ज्या माणसाला गुप्तांचा शक नक्की करता येतो, त्याला पोराबाळांना सप्तर्षी दाखवण्यात कमीपणा वाटत नव्हता.

एप्रिल १८९८ मध्ये दीक्षित गेले. पंचेचाळीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. मोठा ग्रंथ आणि इंग्रजी कोष्टकं, दोन्ही येऊन जेमतेम दोन वर्षं झालेली.

त्या दिवाळीतच, गुरुवार जुळला त्या रात्री, मी वडिलांना गच्चीवर बोलावलं. ते आयुष्यभर शेती आणि दूध डेअरी बघत आले. मी त्यांना सांगायला लागलो की आकाश डोलतं, म्हणजे आकाश नाही, पृथ्वीचा आस, म्हणजे... आणि अडकलो. मला ते सगळं इंग्रजीत येत होतं. प्रिसेशन, इक्विनॉक्स, डेक्लिनेशन. मराठीत शब्दच सुचेनात. खाली गेलो, फोनवर दीक्षितांचं स्कॅन केलेलं पान उघडलं, त्यातून अयन, संपात, क्रांती असे शब्द उचलले आणि पुन्हा वर आलो. वडील 'संपात' या शब्दाला थांबले. म्हणाले, "म्हणजे दोन बांध एकमेकांना कापतात ती जागा?"

हो, तीच. एक बांध सूर्याच्या वाटेचा, एक विषुववृत्ताचा.

"आणि तो कोपरा सरकतो?"

सरकतो.

"मग मोजणी परत करायला लागत असेल," म्हणाले, आणि गुरू कुठला ते दाखव म्हणाले. तेवढ्यात भाटघरच्या बाजूनं ढग आले.